वाचकांचे प्रश्न : आधी कोणता धातू खाली बसतो?

या वेळची बरीच पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात: पाण्यात विरघळलेल्या दोन-तीन धातूंपैकी एकच अवक्षेप म्हणून खाली कसा पाडायचा, आणि पुस्तकातलं गणित टाकीत किंवा बीकरमध्ये का फसतं. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. आकड्यांबद्दल एक खुलासा. केएसपी म्हणजे विद्राव्यता गुणाकार (द्रावणातल्या आयनांच्या संहतींचा, म्हणजे तीव्रतेचा, गुणाकार याच्या वर गेला की क्षार खाली बसू लागतो), मोलर म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल, आणि १०^-५ असं लिहिलं असेल तिथे दहाचा उणे पाचवा घात समजावा. तापमान सगळीकडे २५ अंश सेल्सिअस धरलं आहे.

प्रश्न : द्रावणात चांदी आणि शिसं दोन्हींचे नायट्रेट ०.०१ मोलर आहेत. त्यात मिठाचं द्रावण थेंबाथेंबाने घातलं तर आधी काय बसेल? दुसरा धातू बसायला लागेपर्यंत पहिला किती उरेल? आणि ‘ज्याचा केएसपी लहान तो आधी’ हे सरसकट चालतं का?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, सरसकट चालत नाही. सिल्व्हर क्लोराइडचा केएसपी १.८ × १०^-१० आणि सिल्व्हर क्रोमेटचा १.१ × १०^-१२. म्हणजे क्रोमेटचा लहान. तरीही क्लोराइड आणि क्रोमेट दोन्ही ०.०१ मोलर असलेल्या द्रावणात चांदी घातली की क्लोराइडच आधी बसतं. क्लोराइडला १.८ × १०^-८ मोलर चांदी पुरते, क्रोमेटला १.०५ × १०^-५ लागते, कारण तिथे चांदीच्या संहतीचा वर्ग येतो. मोहर पद्धतीच्या अनुमापनात (चांदीच्या द्रावणाने क्लोराइड मोजतात, क्रोमेट शेवट दाखवतं) विटकरी रंग शेवटी दिसतो तो यामुळेच. आयनांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं असेल तरच नुसत्या केएसपींची तुलना करा. एरवी दर वेळी ‘सुरुवातीला किती लागेल’ हे काढायचं.

तुमच्या मिश्रणाचं तसंच काढू. चांदीसाठी लागणारं क्लोराइड १.८ × १०^-१० भागिले ०.०१, म्हणजे १.८ × १०^-८ मोलर. लेड क्लोराइडचा केएसपी १.७ × १०^-५, त्याला ०.०१ ने भागून वर्गमूळ घेतलं की ०.०४१ मोलर. चांदी आधी, आणि मधलं अंतर वीस लाख पटींहून जास्त. शिसं बसायला लागतं त्या क्षणी चांदी उरते १.८ × १०^-१० भागिले ०.०४१, म्हणजे ४.४ × १०^-९ मोलर. परीक्षेत उत्तर इथे संपतं आणि पूर्ण गुण मिळतात.

प्रयोगशाळेत मात्र हा आकडा कधीच मिळणार नाही. क्लोराइड वाढत गेलं की सिल्व्हर क्लोराइड पुन्हा विरघळू लागतं, कारण एका चांदीला दोन क्लोराइड चिकटून संकुल आयन तयार होतो. ०.०४१ मोलर क्लोराइडला द्रावणातली एकूण चांदी साधारण १.७ × १०^-६ मोलर असते, म्हणजे वरच्या उत्तराच्या जवळजवळ चारशे पट. सर्वांत कमी चांदी उरते ती क्लोराइड ०.००२ ते ०.००३ मोलरच्या आसपास असताना. त्यामुळे शिसं बसण्याच्या काठापर्यंत मीठ नेण्यात शहाणपण नाही, त्याच्या बरंच अलीकडे थांबावं.

प्रत्यक्ष मापं अशी: १०० मिली मिश्रणाला ०.१ मोलर सोडियम क्लोराइड १३ मिली. त्यातलं १० मिली चांदी खाते, उरलेल्या ३ मिलीमुळे मोकळं क्लोराइड ०.००२७ मोलरच्या जवळ राहतं. शिशाचा उंबरठा अजून सोळा पट दूर असतो आणि चांदी ०.००५ टक्क्यांच्या आसपास उरते. मीठ हळू घाला आणि सतत ढवळा. घट्ट द्रावण एका जागी ओतलं तर तिथे क्षणभर शिशाचा उंबरठाही ओलांडला जातो, आणि चांदीच्या अवक्षेपात अडकलेलं शिसं नंतर सहज सुटत नाही. सगळं घालून झालं की मंद गरम करा, दूधट पाणी गोळा होऊन दह्यासारखं खाली बसेल. काम उजेडापासून दूर करा, नाहीतर अवक्षेप जांभळा पडतो.

प्रश्न : आमच्या छोट्या प्लेटिंग युनिटमध्ये निकेल आणि क्रोमच्या रिन्सचं पाणी एकाच टाकीत येतं. मेटाबायसल्फाइट घालून मग चुन्याने पीएच ८.५ करतो. क्रोमचा रिपोर्ट चांगला येतो, पण निकेल ६ ते ७ मिलिग्रॅम प्रति लिटर येतं. चुना वाढवला की गाळच वाढतो. काय करावं?
– अंबड एमआयडीसी, नाशिक

उत्तर : ८.५ हा क्रोमचा पीएच आहे, निकेलचा नाही. निकेल हायड्रॉक्साइडचा केएसपी ५.५ × १०^-१६ धरला तर पीएच ८ ला पाण्यात ३२ मिलिग्रॅम निकेल राहू शकतं, ८.५ ला ३.२ आणि ९ ला ०.३२. म्हणजे ८.५ वर गणितच ३ मिलिग्रॅमच्या परवानगीच्या मर्यादेला टेकलेलं आहे, त्यावर न बसलेले बारीक कण मिळवले की तुमचा ६-७ चा आकडा तयार. क्रोमियम हायड्रॉक्साइड (६.३ × १०^-३१) पीएच ६ लाच ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत उतरतं, म्हणून ते पास होतं.

सोपा उपाय म्हणजे पीएच १० पर्यंत न्या. पण चुन्याने नको. पाण्यात सल्फेट असतं (निकेल बाथ बहुधा सल्फेटचाच असतो, शिवाय मेटाबायसल्फाइटचंही शेवटी सल्फेट होतं), चुन्याच्या कॅल्शियमशी जुळून त्याचं जिप्सम होतं आणि तुमचा वाढलेला गाळ बहुतेक तोच आहे. ८.५ पर्यंत चुना आणि पुढे ५ ते १० टक्क्यांचा कॉस्टिक सोडा, ही जोडी बरी चालते. चुन्यामुळे गाळ जड होऊन बसतो आणि कॉस्टिकमुळे पीएच हातात राहतो. १०.५ च्या वर मात्र जाऊ नका. क्रोमियम हायड्रॉक्साइड उभयधर्मी आहे, तीव्र अल्कलीत ते हिरवं द्रावण होऊन परत विरघळतं. जस्त असेल तर त्याचंही तेच.

आमचं मत विचाराल तर दोन्ही रिन्स एकत्र करणंच चुकीचं. पाइप वेगळे करण्याचा खर्च एकदाच येतो. क्रोमच्या टाकीत सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते २.५ करा आणि मेटाबायसल्फाइट घाला. त्याने विरघळलेलं पिवळं षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी होतं आणि तेच पुढे हायड्रॉक्साइड म्हणून बसतं. एक ग्रॅम षट्संयुजी क्रोमियमला हिशेबाने २.७४ ग्रॅम लागतं, व्यवहारात ३ ग्रॅमच्या पुढेच जातं. पिवळेपणा जाऊन पाणी निळसर हिरवं झालं की नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. थोडं पाणी घेऊन डायफिनाइलकार्बाझाइडची चाचणी करा. जांभळट रंग आला म्हणजे षट्संयुजी क्रोम शिल्लक आहे, आणि ते कोणत्याही पीएचला हायड्रॉक्साइड म्हणून बसत नाही. पीएच २ च्या खाली गेलं तर सल्फर डायऑक्साइडचा वास सुटतो आणि रसायन हवेत जातं. सायनाइडच्या बाथचं पाणी या टाकीत चुकूनही येता कामा नये, कारण आम्लात त्याचा जीवघेणा हायड्रोजन सायनाइड वायू होतो. कामगारांना ते लेखी कळवा आणि पाइपांवर रंगाने खूण करा.

एकाच टाकीत दोन टप्प्यांत वेगळं करता येईल का, असं काही जण विचारतात. कागदावर येतं. १०० मिलिग्रॅम निकेल असलेल्या पाण्यात निकेल बसायला लागतं ते पीएच ७.७ च्या आसपास, आणि क्रोम ६ लाच संपलेलं असतं. प्रत्यक्षात ताजा क्रोमियमचा गाळ फुगलेल्या जिलेटिनसारखा असतो आणि ६ च्या वर तो निकेल ओढून धरायला लागतो. याला सहअवक्षेपण म्हणतात, केएसपीच्या कोष्टकात ते दिसत नाही. म्हणून टप्प्याने करायचंच असेल तर पीएच ५.५ ते ६ मध्ये ठेवा, अर्धा तास ढवळा, गाळून घ्या आणि मगच वरचं पाणी १० ला न्या. दुसरा गाळ बऱ्यापैकी शुद्ध निकेलचा मिळतो आणि त्याला पुनर्प्राप्तीसाठी गिऱ्हाईक असतं. मिश्र गाळ घातक कचरा म्हणून पैसे मोजून अधिकृत ठिकाणीच पाठवावा लागतो.

पीएच १० करूनही निकेल उतरलं नाही तर दोन नमुने घ्या, एक तसाच आणि एक ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलेला. गाळलेल्यात निकेल कमी आणि न गाळलेल्यात जास्त असेल तर रसायनशास्त्र ठीक आहे, गाळ बसत नाहीये: अॅनायनिक पॉलिमर १ ते २ मिलिग्रॅम प्रति लिटर घाला, घालताना ढवळण्याचा वेग कमी करा. गाळलेल्यातही निकेल जास्त असेल तर पाण्यात अमोनिया, सायट्रेट किंवा ईडीटीए आहे. इलेक्ट्रोलेस निकेलचं किंवा डिग्रीझिंगचं पाणी येतंय का ते बघा. असं बांधलेलं निकेल नुसत्या पीएचला दाद देत नाही, त्याला डायथायोकार्बामेटसारखं रसायन लागतं किंवा तो प्रवाहच वेगळा करावा लागतो.

आणि सोडण्याआधी पीएच ९ च्या खाली आणण्यासाठी आम्ल घालाल ते फिल्टर प्रेसनंतरच. अनेक ठिकाणी ते सेटलिंग टाकीतच ओततात, तरंगणारे कण विरघळतात आणि सगळी मेहनत परत पाण्यात जाते.

प्रश्न : जुन्या चांदीच्या मोडीतून शुद्ध चांदी काढताना नायट्रिकमध्ये विरघळवून मीठ घालतो. कधी पांढरा साका लगेच बसतो, कधी दिवसभर पाणी दुधासारखंच राहतं. मीठ जास्त घालून बघितलं, फरक पडला नाही. मोडीत डागाचं (जोडकामाचं) शिसंही असतं.
– सराफ बाजार, नाशिक

उत्तर : दूधट पाणी म्हणजे साका तयार झालेला आहे, पण कण इतके बारीक आहेत की एकमेकांना ढकलत तरंगतात. त्याला मीठ नको, ऊब आणि ढवळणं हवं. ६० ते ७० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं जोरात ढवळा, थोडं नायट्रिक मोकळं असू द्या. कण जुळून गुठळ्या होतात.

मिठाचा हिशेब सोपा आहे: एक ग्रॅम चांदीला ०.५४ ग्रॅम. २५० ग्रॅम मोड, त्यात चांदी ८० टक्के, म्हणजे २०० ग्रॅम चांदीला १०८ ग्रॅम मीठ. पाच टक्के वरचं धरून ११४ ग्रॅम घ्या, अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवा, गाळून मग वापरा. खडेमिठात जिप्समसारखा कचरा असतो, त्यातलं सल्फेट शिशाला पकडून वेगळाच पांढरा साका देतं. आयोडीनयुक्त मिठाने काही बिघडत नाही. मुठीने मीठ टाकत राहिलात तर मात्र नुकसान आहे, घट्ट खाऱ्या पाण्यात चांदी शेकडो पटींनी जास्त विरघळते आणि वरच्या निळ्या पाण्याबरोबर मोरीत जाते. काम पुरं झालं का ते पाहायला वरचं निवळ पाणी वाटीत घेऊन मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाका. ढग उठला नाही तर चांदी संपली.

शिशाचा बंदोबस्त गरम पाण्याने. लेड क्लोराइड थंड १०० मिली पाण्यात साधारण १ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात ३ ग्रॅमच्या वर विरघळतं. चांदीच्या क्लोराइडला उकळत्या पाण्याने जवळजवळ काही होत नाही. म्हणून साका गरम असतानाच निथळा आणि कडकडीत गरम पाण्याने तीनदा धुवा. धुण्याच्या पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचा थेंब टाकून पिवळा गढूळपणा येईनासा झाला की शिसं गेलं. साध्या शुद्ध पाण्याने वारंवार धुतलं तर साका पुन्हा दूधट होऊन फिल्टरमधून निघून जातो, त्यासाठी लिटरभर पाण्यात अर्ध्या मिलीपेक्षा थोडं जास्त घट्ट नायट्रिक घालून ठेवा. बोअरचं पाणी कुठल्याच टप्प्यावर नको, त्यातलं क्लोराइड तुमचा हिशेब बिघडवतं.

पुढे क्लोराइड थेट मुशीत वितळवू नका, धुरातून चांदी उडते. ओल्या साक्यावर कॉस्टिकचं द्रावण घालून ढवळा, काळपट तपकिरी झालं की डेक्स्ट्रोज घाला. करडी भुकटी म्हणजे चांदी. चिमूटभर भुकटी सौम्य नायट्रिकमध्ये पूर्ण विरघळली पाहिजे, पांढरं काही उरलं तर कॉस्टिक कमी पडलं आहे.

दोन इशारे. साका विरघळवायला अमोनिया वापरू नका. चांदीचं अमोनियातलं द्रावण तसंच ठेवलं तर त्यातून स्फोटक काळा थर तयार होतो आणि तो धक्क्यानेही उडतो. दुसरं, नायट्रिकचा तांबूस धूर बंद दुकानात घेऊ नका. तो लगेच त्रास देईलच असं नाही, कित्येक तासांनी छातीत पाणी भरवतो. जुन्या मोडीच्या डागात कॅडमियमही असू शकतं आणि ते निळ्या पाण्यातच राहतं. ते पाणी लोखंडाच्या भंगारावर ठेवून तांबं उतरवलं तरी कॅडमियम तसंच असतं. ते गटारात सोडायचं नाही.

प्रश्न : क्षारांच्या विश्लेषणात दुसऱ्या गटात कॅडमियमचा पिवळा अवक्षेप काही बॅचना येतो, काहींना येत नाही. काहींना तांब्याबरोबर जस्तही सापडतं. रसायनं सगळ्यांना सारखीच देतो.
– कनिष्ठ महाविद्यालयाचे प्रयोगशाळा साहाय्यक, नाशिक रोड

उत्तर : रसायनं सारखी, पण आम्ल सारखं नाही. दुसरा गट म्हणजे आम्ल असतानाही हायड्रोजन सल्फाइडने सल्फाइड म्हणून बसणारे धातू. हायड्रोजन सल्फाइडने भरलेल्या पाण्यात (०.१ मोलर) किती सल्फाइड मोकळं होईल ते आम्ल ठरवतं. ०.३ मोलर हायड्रोक्लोरिकला कॅडमियम ७ × १०^-७ मोलरपर्यंत खाली येतं, म्हणजे पूर्ण बसलं. जस्त मात्र ०.०२७ मोलरपर्यंत द्रावणात राहू शकतं, म्हणून ०.०१ मोलर जस्त हलत नाही. आम्ल ०.१ मोलर झालं की जस्ताची मर्यादा ०.००३ वर येते आणि तेही दुसऱ्या गटात घुसतं. उलट टोकाला, ३ मोलर आम्लात नुसत्या सल्फाइडच्या गणिताने कॅडमियम शंभरात एकाहूनही कमी उरायला हवं. पण तिथलं घट्ट क्लोराइड कॅडमियमला संकुलात बांधून ठेवतं, म्हणून नळीत काहीच दिसत नाही.

पहिल्या गटानंतर विद्यार्थी हवं तेवढं आम्ल ओततात, गोंधळ तिथे सुरू होतो. त्यांना हे करायला लावा: अमोनियाने लिटमस जेमतेम निळा होईपर्यंत आणा, मग दर १० मिलीला ६ मोलर हायड्रोक्लोरिक ०.५ मिली, ड्रॉपरने नव्हे तर पिपेटने. नायट्रिक राहिलं असेल तर ते आधी आटवून घालवा, नाहीतर ते वायूचं ऑक्सिडीकरण करून दूधट गंधक देतं आणि मुलं त्यालाच अवक्षेप समजतात. अवक्षेप आला की लगेच गाळा. कॉपर सल्फाइड जस्ताच्या द्रावणात तासभर राहिलं की त्याच्या पृष्ठभागावर झिंक सल्फाइड हळूहळू चढतं, आम्ल बरोबर असलं तरी.

हायड्रोजन सल्फाइड तयार करणारं किप्सचं उपकरण फ्यूम कबर्डमध्येच (धूर ओढून घेणाऱ्या कपाटात) चालवा. सडक्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. थायोअॅसिटामाइड वापरत असाल तर नळी उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवावी लागते आणि हातमोजे लागतात, ते कर्करोगकारक असल्याचा संशय आहे.

तिसऱ्या गटात (अमोनियाने हायड्रॉक्साइड म्हणून बसणारे लोखंडासारखे धातू) अमोनियम क्लोराइड आधी आणि अमोनिया नंतर, हा क्रम उलटू देऊ नका. ०.१ मोलर अमोनियात ०.०१ मोलर मॅग्नेशियम सरळ बसतं. एक मोलर अमोनियम क्लोराइड सोबत असेल तर आयनांचा गुणाकार ३ × १०^-१४ राहतो, केएसपी ५.६ × १०^-१२, आणि मॅग्नेशियम द्रावणातच थांबतं. लोखंडाला याचा काही फरक पडत नाही. कोष्टकातले आकडे पुस्तकागणिक वेगळे का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. सल्फाइड आणि हायड्रॉक्साइड यांच्या बाबतीत स्फटिकाचं रूप, अवक्षेपाचं वय आणि द्रावणातले इतर क्षार यांनी आकडा बदलतो. एका गणितात एकाच कोष्टकातले आकडे वापरा.

प्रश्न : द्राक्षबागेत २०० लिटरच्या ड्रममध्ये कॅल्शियम नायट्रेट २ किलो आणि मॅग्नेशियम सल्फेट २ किलो एकत्र सोडलं की तळाला पांढरा गाळ बसतो. खत भेसळीचं आहे का?
– निफाड तालुका

उत्तर : खत बहुधा चांगलंच आहे, जोडी चुकीची आहे. या मापाने कॅल्शियम ०.०४७ मोलर आणि सल्फेट ०.०४१ मोलर होतं. गुणाकार १.९ × १०^-३, कॅल्शियम सल्फेटचा केएसपी ४.९ × १०^-५, म्हणजे जवळजवळ चाळीस पट जास्त. द्रावणातल्या इतर क्षारांमुळे खरा फरक यापेक्षा कमी असतो, तरी जिप्सम बसायला पुरेसा. ०:०:५० या खतामध्येही सल्फेटच आहे. १२:६१:०० आणि ०:५२:३४ मधलं फॉस्फेट कॅल्शियमला त्याहून घट्ट धरतं. कॅल्शियम नायट्रेटचा ड्रम स्वतंत्र ठेवा आणि बाकीच्या खतांपासून वेगळ्या दिवशी सोडा. तेच नसेल जमत तर मध्ये अर्धा तास साधं पाणी चालवा. शंभरपट पातळ झाल्यावर गुणाकार केएसपीच्या खूप खाली जातो, म्हणून वाहत्या लाइनमध्ये सल्फेटशी गाठ पडली तरी गाळ होत नाही. ड्रममधला गाळ ढवळून व्हेंचुरीतून पुढे ढकलू नका: ड्रिपरमधला कार्बोनेटचा थर आम्लाने निघतो, जिप्सम आम्लालाही सहसा दाद देत नाही आणि मग लॅटरल (ड्रिपची नळी) बदलावी लागते.